दोन्ही हातांनी धरून वाच

लिक्सलिप, आयर्लंड, मे २०२१

प्रिय चंद्रहास,

आधी बस. जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड असलेल्या तुझ्या नेहमीच्या खुर्चीत. पत्र आणून देणारी मुलगी मास्कमुळे ओळखू आली नसेल तर सांगते, ती मेधा. दहावीला योगिनीकडे गणिताला यायची, ह्याच टेबलावर पेन्सिलीची टोकं चावत बसायची आणि तू येता-जाता तिला 'उंदीर' म्हणायचास. तो उंदीर आता डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकपाशी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचे वडील तुमच्याच नाशकात दवाखान्यात आहेत, म्हणून तिला विलगीकरणातून सूट मिळाली आणि ती उद्या इथून निघते आहे. तिला चहा लागेल. तो ती करून घेईल, तुमचं स्वयंपाकघर तिला पाठ आहे. तू उठायचं नाहीस. आणि कागदाबद्दल कुरकुर करायची नाही. आशिषच्या घरात सगळा व्यवहार पडद्यावर चालतो, लिहायचा कागद म्हणून सापडत नाही. हे माझ्या नातीच्या चित्रकलेचे ताव आहेत. एका हातात धरलेस तर मान टाकतात, तेव्हा दोन्ही हातांनी धरून वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, चष्मा शोधायचं निमित्त नको.

शेवटपर्यंत वाचशील ह्याची मला खात्री आहे. योगिनी म्हणायची, ह्याला वाण्याच्या पुडीचा कागद दिला तरी हा फाटलेल्या कडेपर्यंत वाचतो आणि वर मलाच विचारतो, पुढचं कुठं गेलं?

आता विषय. विषय एकच, तुझ्याकडचं ते पिस्तूल. ते घराबाहेर गेलं पाहिजे. विकून नव्हे, कुणा भाच्याला देऊन नव्हे, रीतसर पोलीस ठाण्यात जमा करून, पावती घेऊन. हे मी तुला फोनवरच सुनावलं असतं, पण त्या दिवसापासून तू माझा फोन घेत नाहीस. घंटा पूर्ण वाजते, म्हणजे फोन चार्ज करतोस. जो माणूस फोन चार्ज करतो तो अजून आहे, एवढ्या एका पुराव्यावर मी हे दिवस काढले आहेत. आयुष्यभर पुरावे तपासण्यात घालवलेल्या बाईवर ही वेळ आणलीस. शाबास.

तुझा फोन आला त्या दिवशी मी किती खूश झाले होते, ते तुला कळलंही नसेल. योगिनी गेल्यावर तू पहिल्यांदा आपणहून फोन केलास. आवाज शांत होता. मला वाटलं, चला, सावरतोय. मग तू विचारलंस, "विभा, इतकी वर्षं कपाटात पडलेलं पिस्तूल अजून भरवशाचं असतं का गं? जुन्या घडणीचं आहे. रोज जवळ बाळगावं म्हणतो." आणि मी, विभावरी, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या शस्त्र विभागातून निवृत्त झालेली, शहाणपणाचा पुतळा, सुरू झाले. सव्वा वर्षात मला कुणी कसलाच प्रश्न विचारला नव्हता रे. इथे मी आशिषची आई, नातीची आजी, भाजी निवडणारी. रेवती विचारते, आई, मीठ बघता का? नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, तेही असल्या आयरिश सुरात की माझ्या शाळेतल्या नन्स आठवाव्यात. "आजी, इट्स ग्रँड." पाय मुरगळला तरी ग्रँड, दूध उतू गेलं तरी ग्रँड. आणि अचानक कुणीतरी मला माझ्या विषयातलं विचारलं!

मग काय, मी तुला सगळं सांगितलं. जुन्या घडणीची पिस्तुलं का टिकली, भाग कमी, पोलाद घडवलेलं, कामगाराने हाताने घासून बसवलेलं. रोज कमरेला लावायला चपटी आणि आटोपशीर. नव्या शोभेच्या वस्तूंपेक्षा कितीतरी विश्वासाची. दुखणं असलंच तर मॅगझिनच्या स्प्रिंगचं, खिशातल्या धुळीचं, झिजलेल्या खटक्याचं, पण तुझ्या वडिलांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आणि शेवटी मी हसत हसत काय म्हणाले? म्हणाले, "निर्धास्त राहा, ते तुला दगा देणार नाही." तू म्हणालास, "बरं झालं तुला विचारलं." आणि ठेवलास.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि रेवतीला ऐटीत सांगितलं की बघ, अजून लोक माझा सल्ला घेतात. ती वरण घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "पण आई, काकांनी पंप विकला ना? मग रोज जवळ कशाला बाळगायचंय त्यांना?" चंद्रहास, त्या पोरीला पिस्तुलाचं तोंड कुठलं आणि मूठ कुठली हे माहीत नाही. तिने विचारलं ते मला विचारायला सुचलं नाही. मी तिथूनच तुला फोन लावला, तू घेतला नाहीस.

पंप होता तेव्हाची गोष्ट वेगळी. महामार्गावरचा पेट्रोल पंप, रात्रपाळीची रोकड पिशवीत, तू स्वतः बँकेत नेऊन भरायचास. परवाना रीतसर होता, वडिलांच्या पाठोपाठ तुझ्या नावावर झालेला. तेव्हाही मी तुला सांगितलं होतं की ज्याला लुटायचंच आहे तो तुला हात कमरेकडे न्यायला सवड देणार नाही. तू म्हणायचास, "बॅलिस्टिकबाई, तुम्ही पिस्तूल मेल्यावर बघता, आम्ही जिवंतपणी वापरतो." योगिनी पलीकडून ओरडायची, "दोघंही जेवताना गप्प बसा." शर्टाच्या आत तो फुगवटा घेऊन तू लग्नकार्यांना यायचास. कुणी मिठी मारायला आलं की डाव्या बाजूने घ्यायचास. योगिनीने तुझे सगळे शर्ट एक माप मोठे शिवून घेतले होते. ते अजूनही कपाटात असतील.

तुला आठवतं, तिला निवडणुका किती आवडायच्या? मतदान करायचा उत्साह म्हणून नव्हे. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, म्हणून. लोकसभा, विधानसभा, महापालिका, कुठलीही असो. तू पावती घेऊन आलास की ती मला फोन करायची, "विभा, आज मी आडवी झोपणार." कारण एरवी तू ते रात्री उशाशी ठेवायचास आणि ती बिचारी पलंगाच्या कडेला काठीसारखी सरळ झोपायची. मी म्हणायचे, अगं सेफ्टी लावलेली असते, आपोआप काही होत नाही. ती म्हणायची, तुझं शास्त्र तुझ्यापाशी, मला झोप येत नाही. एकदा दोन निवडणुका लागोपाठ आल्या तर तिने देवापुढे साखर ठेवली होती. लोकशाहीवर इतकं प्रेम करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

आता ऐक, कारण मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही. तू अशा थाटात फोन ठेवलास जणू योगिनी एकट्या तुझी होती. तुझी ती लग्नापासून. माझी ती तिसरीपासून. कॅम्पातल्या त्या शाळेत आम्ही दोघीच मराठी घरातल्या, दोघींच्या डब्यात पोळीभाजी, दोघींच्या इंग्रजीला सगळा वर्ग हसायचा. सिस्टर ॲग्नेस आम्हाला एकाच बाकावर बसवायची आणि म्हणायची, तुमच्यापैकी एक बोलते आणि दुसरी निस्तरते. बोलणारी कोण हे तुला सांगायला नको. मी कोणाशीही भांडून यायचे आणि योगिनी जाऊन माफी मागून यायची. पुढे मी कोर्टातही तेच केलं. एका वकिलाने साक्षीत विचारलं, "बाई, आपल्याला पिस्तूल चालवता तरी येतं का?" मी म्हटलं, "चालवून बघितल्याशिवाय आम्ही अहवाल लिहीत नाही, वकीलसाहेब. न वाचता उभं राहायची सोय आमच्या खात्यात नाही." न्यायाधीश हसले. संध्याकाळी योगिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "आता त्या वकिलाच्या बायकोची माफी मी कुठे जाऊन मागू?"

आता मी भांडले की कोण निस्तरणार आहे? सांग.

ती गेली तेव्हा मी इथे होते. दवाखान्यात पलंग मिळावा म्हणून तू किती ठिकाणी हिंडलास ते मला माहीत आहे, मीही इथून फोन करत होते. कुणी उचलत नव्हतं, उचललं तर 'थोड्या वेळाने करा'. तुला शेवटी काचेपलीकडून दाखवलं. मला तेवढंही नाही. मला बारावं दिसलं, आशिषच्या लॅपटॉपवर, चौकटीचौकटींत. गुरुजींचा आवाज तुटत होता, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्याला आवाज बंद करायचं सुचत नव्हतं. तुझ्या चौकटीत फक्त छताचा पंखा दिसत होता. फोन तू टेबलावर आडवा ठेवला होतास. सगळा वेळ मी तो पंखा बघत बसले. त्यावर धूळ होती. योगिनी असती तर आधी तो पुसायला लावला असता, असं मनात आलं आणि मग मला तिथे बसवेना.

तिकिटं आठवतात? गेल्या वर्षीच्या मे महिन्याची, तुम्हा दोघांची इकडे यायची. तिला कासलबारला जायचं होतं, कारण सिस्टर ॲग्नेस तिकडची. सिस्टर आम्हाला सांगायची की तिच्या गावाकडे पाऊस पडत नाही, पाऊस तिथेच राहतो, मधूनमधून फक्त बाहेर जातो. योगिनीला ते गाव बघायचं होतं. तू म्हणालास, एवढ्या लांब जाऊन पाऊस बघायचा तर इगतपुरीला काय वाईट आहे? विमानंच बंद झाली. मीही अजून गेलेले नाही. इतके महिने घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आता उठली आहे. आशिष म्हणतो, नेतो. मी म्हटलं, एकटी जाणार नाही.

इथे आमच्या शेजारी ब्रायडी नावाची बाई आहे. माझ्याच वयाची, विधवा, योगायोग असा की तीही त्या कासलबारच्या बाजूचीच. आम्ही मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलतो. माझं इंग्रजी ऐकून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, तुला आमच्याकडच्या ननने शिकवलेलं दिसतं. तिला मी तुझ्याबद्दल सांगितलं. नाव तिला जमत नाही, म्हणून रोज सकाळी ओरडून विचारते, "हाऊ इज युअर मॅन?" इथे कुणाही तिसऱ्या पुरुषाला असंच म्हणतात, भलता अर्थ घेऊ नकोस. रेवतीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातला कप पडता पडता राहिला.

त्या ब्रायडीने मला एक गोष्ट सांगितली, ती तुला सांगते. तिच्या काकाची बायको बाळंतपणात गेली. शेतकरी माणूस, घरात कावळे हाकलायची दुनळी बंदूक. तेराव्यासारखं जे काही त्यांच्यात असतं ते आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी दारात येऊन म्हणाला, "माझ्या शेतात कावळ्यांनी उच्छाद मांडलाय, तुझी बंदूक जरा उसनी दे." डिसेंबर होता. शेतात बर्फाळ चिखल, कावळ्याने खावं असं काही नव्हतं. काकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि बंदूक दिली. पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी तो ती परत घेऊन आला, तेलपाणी करून, चकचकीत. मधल्या काळात कावळ्यांचा विषय कुणी काढला नाही. काका नव्वदीपर्यंत जगला आणि पत्त्यात सगळ्यांना लुबाडत राहिला, म्हणे.

मी तिला म्हटलं, आमच्याकडे असं शेजाऱ्याला बंदूक देणं गुन्हा आहे. ती म्हणाली, "मग तुमच्याकडे जे काही चालतं ते करा, पण उसनी मागा. हिसकावून घेऊ नका. हिसकावलेली वस्तू माणूस परत मिळवायला बघतो." भिंतीपलीकडच्या ह्या बाईने साधा पाव भाजावा तसं हे सांगितलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

तुला खोटं सांगायचा विचार मी केला होता. कळवावं की मी चुकले, त्या घडणीच्या पिस्तुलांत मोठा दोष निघाला आहे, हात लावू नकोस. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवला असतास. पण अर्ध्या तासाने तुझ्या लक्षात आलं असतं की विभा खोटं बोलते आहे, आणि मग तुझ्याशी खरं बोलणारं जगात कुणी उरलं नसतं. म्हणून खरं तेच सांगते, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, योगिनीलाही नाही.

लोकांना वाटतं माझ्याकडे टोळीयुद्धातली हत्यारं यायची. तीही यायची. पण कापडात शिवलेली, लाखेचं सील केलेली काही पुडकी अशी असत की उघडल्यावर आत जुनं, नीट पुसलेलं, परवान्याचं पिस्तूल निघायचं. कुणाच्या तरी घरातलं. त्यात आरोपी नसायचा. त्या प्रकरणातले लोक प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर येऊन बसायचे, खरं तर त्यांना आत सोडायची परवानगी नव्हती. एक मुलगी होती, लग्नाची असावी. मी जेवायला बाहेर पडले तर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बाबा ते पुसत असताना चुकून उडालं असेल ना?" तिला माझ्याकडून तेवढंच हवं होतं. आणि मी आतमध्ये त्या पिस्तुलाचा खटका, सेफ्टी, सगळं तपासलं होतं. ते उत्तम होतं. जुन्या घडणीचं, भरवशाचं, आपोआप न उडणारं. माझ्या अहवालात एक ठरलेलं वाक्य असे, 'सदर हत्यार सुस्थितीत असून कार्यक्षम आहे.' ते मी लिहिलं. त्या मुलीला ते वाचून दाखवलं गेलं असेल. तिने त्या वाक्याचं पुढे आयुष्यभर काय केलं असेल, ह्याचा विचार मी निवृत्तीनंतरही थांबवू शकले नाही. तेव्हापासून हत्याराच्या भरवशाचं कौतुक मी मनातल्या मनातही करत नव्हते. आणि तुझ्याशी बोलताना मात्र केलं.

तुझं पिस्तूल प्रयोगशाळेच्या टेबलावर गेलं तर आता तिथे माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आहेत. तीही तेच वाक्य लिहितील, मीच शिकवलंय. आणि ते वाक्य घेऊन बाकावर बसायला कोण असेल, चंद्रहास? तुम्हाला मूल नाही. म्हणजे मी असेन. माझ्यावर ते बसणं आणू नकोस. मी हात जोडते. मी कुणापुढे हात जोडत नाही हे तू जाणतोस, देवापुढेसुद्धा योगिनीच जोडायची आणि मी चपला सांभाळायचे. आत्ता जोडते आहे. शाई फुटलेली दिसेल त्या जागी हसू नकोस.

तुझं दुःख कमी करायला माझ्याकडे काही नाही. 'काळ हे औषध आहे' असं तुला ज्यांनी ज्यांनी लिहून पाठवलं असेल त्यांचं तोंड बघू नकोस. मला एवढंच माहीत आहे की सकाळी उठल्यावर मी अजूनही फोन हातात घेते, तिला काहीतरी चहाडी सांगायला. परवा ब्रायडीबद्दल सांगायचं होतं. आशिषबद्दल रोजच काहीतरी असतं. हे सगळं साचत चाललंय. ते ऐकून घेईल असा एकच माणूस पृथ्वीवर उरला आहे, आणि तो फोन उचलत नाही. मला तू सल्ल्यासाठी नकोस, आधारासाठी नकोस. मला तू चहाडीसाठी हवा आहेस. शिवाय ती कशी घोरायची हे माझ्याखेरीज आणि तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि मी एकटीने सांगितलं तर लोक म्हणतील, विभावरी खोटं बोलते.

आता शेवटच्या तावावर आलास. आतापर्यंत मेधाने दुसरा चहा केला असेल आणि ती तुझ्यासमोरच बसली असेल, कारण तिला मी उठायचं नाही असं बजावलं आहे. तिला सगळं माहीत आहे. "काकूंनी मला तीनदा नापास होण्यापासून वाचवलंय, मी जाते," एवढंच म्हणाली. रोज डबा देऊन जिन्यात स्टुलावर बसून राहणारा आणि रिकामा डबा घेतल्याशिवाय न हलणारा तुझा शेजारी मोहन, तोही माझाच माणूस, त्याच्यावर रागावू नकोस. तू दार उघडल्या उघडल्या मेधाने एक मिस्ड कॉल दिला असेल. तो तुमच्या पोलीस ठाण्याच्या सुभाषला. आता इन्स्पेक्टर झालाय, पण पोरगेला फौजदार असताना पुडक्यांची सीलं वाकडीतिकडी करून आणायचा आणि माझ्या शिव्या खायचा, त्यामुळे अजून मला घाबरतो. त्याने मला विचारलं होतं, "बाई, मी आधीच जाऊ का?" मी म्हटलं, "नाही. बंद दारावर खाकी वर्दीची थाप पडली तर आतला माणूस काय करेल हे तुला सांगता येत नाही आणि मला तर मुळीच नाही. आधी घरात योगिनीचं कुणीतरी जाऊ दे. मग त्याला खुर्चीत बसू दे. कडक बंदमध्ये नाकाबंदी ओलांडून तुला यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मी त्याला बसवून ठेवते." म्हणून हे पत्र एवढं लांब आहे, चंद्रहास. म्हणून हे ताव एवढे मोठे आहेत. तू पिस्तूल रोज जवळ बाळगणार म्हणाला होतास, आणि हे वाचताना ते कुठे असेल ते मला इतक्या दुरून दिसत नाही. मला एवढंच हवं होतं की तुझे दोन्ही हात माझ्या हातात असावेत, आणि तुझ्यापर्यंत पोहोचेल असा माझा हात म्हणजे हाच. आता घंटा वाजेल. सुभाष साध्या कपड्यांत आहे, पावतीपुस्तक घेऊन. तो हिसकावणार नाही, उसनं मागेल. हात कागदावरच राहू देत, ते कुठे आहे तेवढं तोंडाने सांग, काढून तो घेईल. समज, निवडणूक लागली आहे. पावती मेधाकडे दे, ती फोटो काढून मला पाठवेल. आणि मग फोन उचल. मी इथे भिंतीपाशी उभी आहे, ब्रायडी पलीकडे उभी आहे, आणि आज योगिनीला आडवं झोपायचं आहे.

तिची होते म्हणून तुझीही, आणि आता फक्त तुझीच,
विभावरी